डर्बी ते ब्रिस्टल: एक सीट, तीन तिकिटं

प्रश्न थोडक्यात असा. डर्बीच्या रुग्णालयात नर्स असलेल्या एका मराठी ताईंचा नवरा ब्रिस्टलला नोकरी करतो. महिन्यातून दोनदा तरी, बहुतेक शुक्रवारी, त्या तिकडे जातात आणि रविवारी परततात. थेट तिकिटाचा आकडा बघून दर वेळी पोटात गोळा येतो. वॉर्डातली मैत्रीण म्हणाली, "तिकीट तोडून घे, बरंच स्वस्त पडतं." म्हणजे थेट एका तिकिटाऐवजी त्याच प्रवासाची, वाटेतल्या स्टेशनांवर तोडलेली वेगवेगळी तिकिटं घ्यायची. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे नियमात बसतं का? प्रत्येक तुकड्याला गाडीतून उतरून पुन्हा चढायचं का? आणि हीच युक्ती नाशिकहून नागपूरला जाणाऱ्या आई-बाबांसाठी चालेल का?

तिन्हींची उत्तरं आधी देऊन टाकतो. नियमात बसतं. उतरायचं नाही, पण जिथं तिकीट तोडलंय तिथं गाडी थांबायला हवी. आणि आई-बाबांसाठी अजिबात करू नका, त्यांना महाग पडेल.

आता जरा निवांत सांगतो. यातलं 'का' कळलं की तिकीट कुठं तोडायचं ते तुमचं तुम्हालाच सुचायला लागतं.

माझे वडील मनमाडला बुकिंग क्लार्क होते. मीही नशिबानं त्याच धंद्यात आलो, फक्त सात समुद्रापलीकडं. इंग्लंडात मिडलंड्समधल्या एका स्टेशनच्या तिकीट खिडकीमागं मी सोळा वर्षं काढली. वडील एकदा इकडे आले होते तेव्हा माझी पाळी संपायची वाट बघत समोरच्या बाकावर बसले होते. मी एका माणसाला एकाच गाडीची, एकाच दिवसाची दोन तिकिटं लागोपाठ काढून दिली. घरी जाताना अण्णा हळूच म्हणाले, "आज चुकलास तू. थेट तिकीट द्यायचं त्याला. दोन केलीस की गिऱ्हाइकाचं नुकसान." मी म्हटलं, "अण्णा, त्याचे तेवीस पौंड वाचले." त्यांचा विश्वास बसेना. रात्री जेवताना त्यांनी पुन्हा विषय काढला. "मग थेट तिकिटात मधले तेवीस पौंड खातं कोण?"

खात कोणी नाही. अण्णांच्या डोक्यात रेल्वेचं भाडं म्हणजे अंतराचा हिशेब होता. एसटीत टप्पे मोजतात तसा. इकडे अंतर मोजतच नाहीत. ब्रिटनमध्ये भाडं असतं स्टेशनांच्या जोडीचं. डर्बी–ब्रिस्टल ही एक जोडी, तिची एक किंमत. डर्बी–बर्मिंगहॅम दुसरी जोडी, बर्मिंगहॅम–ब्रिस्टल तिसरी. या तीन किमती तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगळ्या कारणांनी आणि कधी कधी तीन वेगळ्या कंपन्यांनी ठरवलेल्या असतात. दुसरी आणि तिसरी मिळून पहिलीइतकी झाली पाहिजे असा कुठंही नियम नाही. देशात अडीच हजारांवर स्टेशनं, म्हणजे जोड्या साठ लाखांच्या वर. त्या प्रत्येक जोडीला पुन्हा तिकिटांचे निरनिराळे प्रकार. रेल्वे उद्योगाचाच आकडा आहे की एकूण भाडी सुमारे साडेपाच कोटी होतात. एवढ्या मोठ्या कोष्टकात भेगा राहणारच. तिकीट तोडणं म्हणजे ती भेग शोधणं.

गंमत म्हणजे मैलावर भाडं हा प्रकार याच देशात होता. १८४४ च्या कायद्यानं प्रत्येक कंपनीला रोज एक तरी गाडी मैलाला एक पेनी या दरानं चालवायला लावली होती. पुढे विसाव्या शतकात सरकारी ब्रिटिश रेलनं मैलाचा हिशेब सोडला आणि जिथं जेवढं मिळेल तेवढं घ्यायला सुरुवात केली. ज्या मार्गावर साहेबलोक कामाला जातात तिथं महाग, जिथं बस स्वस्त आहे तिथं स्वस्त. मग १९९३ च्या कायद्यानं खासगीकरण झालं. प्रत्येक जोडीची किंमत ठरवायचा अधिकार त्या मार्गावरच्या एका कंपनीकडे गेला आणि काही भाड्यांवर सरकारनं वाढीची मर्यादा घातली. मर्यादा टक्क्यांत असल्यामुळं तेव्हा जी जोडी स्वस्त होती ती तुलनेनं आजही स्वस्तच राहिली, महाग होती ती महाग. म्हणजे तुम्ही आज जे पैसे वाचवाल त्यातले काही तीस वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी अंदाजातून आलेले असतील.

भेगा साधारण तीन जागी सापडतात.

पहिली वेळेची. इकडे सकाळच्या गर्दीच्या वेळेत चालणारं तिकीट म्हणजे एनीटाइम, ते सगळ्यात महाग. गर्दी ओसरल्यावरचं ऑफ-पीक, काही मार्गांवर त्याहून स्वस्त सुपर ऑफ-पीक. आता लंडनच्या पॅडिंग्टनहून ब्रिस्टलला सकाळी गर्दीच्या वेळेत निघणारी गाडी घ्या. थेट तिकीट काढलं तर निघायची वेळ पॅडिंग्टनची धरली जाते आणि ब्रिस्टलपर्यंतच्या सगळ्या रस्त्याचे तुम्ही एनीटाइमचे पैसे देता. पण तीच गाडी डिडकॉट पार्कवेला पोचेपर्यंत घड्याळ पुढं सरकलेलं असतं. डिडकॉट ते ब्रिस्टल या जोडीसाठी निघायची वेळ डिडकॉटची धरतात, आणि तोवर तिथं ऑफ-पीक सुरू झालेलं असू शकतं. समजा थेट एनीटाइम ९० पौंड आहे. डिडकॉटपर्यंत एनीटाइम ३५ आणि पुढं ऑफ-पीक २५ पडलं तर साठात काम झालं. हे आकडे मी समजावण्यासाठी गोल घेतलेत, खरी भाडी बदलत असतात. पण डिडकॉटचा हा तुकडा इतका जुना आणि इतका प्रसिद्ध आहे की त्या स्टेशनचं तोंडही न पाहिलेल्या कितीतरी लोकांच्या खिशात डिडकॉटची तिकिटं असतात.

दुसरी भेग किंमत ठरवणाऱ्याची. शहराच्या आसपासच्या लोकल गाड्यांच्या पट्ट्यात भाडं कमी ठेवलेलं असतं, कारण तिथं रोजचे प्रवासी असतात आणि मोटारीशी स्पर्धा असते. लांब पल्ल्याच्या कंपनीनं ठरवलेलं थेट भाडं त्याच रुळावरून जातं, पण त्या स्वस्ताईचा फायदा त्यात उतरत नाही. तुम्ही स्वस्त पट्टा वेगळा काढून घेतला की फरक हातात येतो. तुमचा मार्ग याच जातीचा आहे. डर्बी, बर्टन, टॅमवर्थ, बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीट, चेल्टनहॅम स्पा, ब्रिस्टल पार्कवे, ब्रिस्टल टेम्पल मीड्स. देशाच्या मधून आडवीतिडवी जाणारी ही गाडी वाटेत अनेक लोकल पट्टे ओलांडते. अशा मार्गांवर तोडायला जागा भरपूर असतात.

तिसरी भेग अ‍ॅडव्हान्स तिकिटांच्या कोट्याची. अ‍ॅडव्हान्स म्हणजे ठरावीक गाडीचं, आधी काढायचं स्वस्त तिकीट. बहुधा आठ ते बारा आठवडे आधी विक्रीला येतं. प्रत्येक गाडीत त्याचे थर असतात: सगळ्यात स्वस्त थरात थोडी तिकिटं, ती संपली की पुढचा थर, मग त्याच्या पुढचा. गाडी वाटेत एखाद्याच पट्ट्यात भरलेली असली, समजा बर्मिंगहॅम ते चेल्टनहॅम, तरी थेट तिकिटाचा स्वस्त थर बंद होतो, कारण थेट प्रवाशाला तो पट्टाही लागतोच. पण डर्बी ते बर्मिंगहॅम रिकामी आहे, तिथला स्वस्त थर अजून उघडा असतो. तोडलंत तर महाग फक्त मधला तुकडा पडतो. शुक्रवारी संध्याकाळी हा प्रकार फार दिसतो.

खिडकीवर बसून मी एक बघितलं. लोकांना वाटतं आम्ही मुद्दाम लपवतो. तसं नसतं. कुणी "ब्रिस्टल, सिंगल" म्हटलं की यंत्र थेट जोडीची भाडी दाखवतं, त्यातलं योग्य ते आम्ही द्यायचं. मधली स्टेशनं धुंडाळत बसणं आमच्याकडून अपेक्षित नव्हतं, आणि मागं बारा जणांची रांग असताना शक्यही नव्हतं. पण एखादा चिठ्ठीवर लिहून घेऊन आला की "मला ही तीन तिकिटं द्या", तर बिनतक्रार द्यायचो. काही चिठ्ठ्या बघून मीच शिकलो. एका निवृत्त गणिताच्या शिक्षकांची चिठ्ठी तर मी पाकिटात जपून ठेवली होती.

आता नियम. ब्रिटनमध्ये प्रवाशाशी रेल्वेचा जो करार असतो त्याला नॅशनल रेल कंडिशन्स ऑफ ट्रॅव्हल म्हणतात. त्यातलं १४ वं कलम स्पष्ट सांगतं की एका प्रवासासाठी दोन किंवा जास्त तिकिटं वापरता येतात, मात्र एका तिकिटावरून दुसऱ्यावर जाता त्या स्टेशनवर तुमची गाडी थांबली पाहिजे. थांबली की पुरे. तुम्ही उतरला नाहीत, दार उघडलं नाही, झोपला होतात, तरी चालतं. पण गाडी तिथून नुसती जाते आणि थांबत नाही, तर तिकिटं चालत नाहीत. सीझन तिकिटाला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या पासाला, यात सवलत आहे: एक तुकडा सीझनचा असेल तर गाडी तिथं थांबायची गरज नाही. लंडनच्या ट्रॅव्हलकार्डवाल्यांनाही (शहराच्या ठरावीक झोनमध्ये फिरायचा पास) झोनच्या हद्दीपासून पुढचं तिकीट मिळतं आणि त्यांची गाडी त्या हद्दीवर थांबावी लागत नाही.

हा थांब्याचा मुद्दा वाचून लोक मान डोलावतात आणि नेमके तिथंच फसतात. तुमच्या मार्गावर बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटला गाडी थांबणारच, तिथं काळजी नाही. पण टॅमवर्थ आणि बर्टनला सगळ्या गाड्या थांबत नाहीत. एक तरुण मुलगा माझ्या खिडकीवर रडवेला होऊन आला होता. त्यानं टॅमवर्थला तोडलेली तिकिटं घेतली होती. आधीची गाडी मिळाली म्हणून खुशीत तीत चढला, आणि ती टॅमवर्थला न थांबता धडधडत निघून गेली. तपासनिसानं थेट भाडं पुन्हा घेतलं. इंग्लंडात पेनल्टी फेअर लावली तर २०२३ पासून ती १०० पौंड अधिक त्या प्रवासाचं सिंगल भाडं अशी आहे, २१ दिवसांत भरली तर दंडाची रक्कम निम्मी होते. त्यामुळं तिकीट लवचीक, म्हणजे एकाच गाडीला न बांधलेलं, असलं तरी दुसरी गाडी पकडण्याआधी तिचे थांबे बघा. मी रिअलटाइम ट्रेन्स या संकेतस्थळावर बघतो. तिथं प्रत्येक गाडीचे थांबे आणि नुसती जाणारी स्टेशनं वेगवेगळी दिसतात.

शोधायचं कसं? आळशी मार्ग आधी सांगतो, कारण बाराबारा तासांच्या पाळ्या करून तुम्ही कोष्टकं चाळत बसाल असं मला वाटत नाही. तिकिटं तोडून देणारी संकेतस्थळं आणि अ‍ॅप आहेत. ट्रेनस्प्लिट, स्प्लिट माय फेअर ही खास त्याचसाठी, आणि ट्रेनलाइनवर स्प्लिटसेव्ह नावानं हीच सोय आहे. मार्ग आणि वेळ टाकली की ती स्वतः तोडून, थांबे तपासून तिकिटं हातात ठेवतात. बदल्यात कुणी बुकिंग शुल्क घेतं, कुणी वाचलेल्या रकमेतला हिस्सा. वाचले चाळीस आणि हिस्सा गेला चार-सहा, तर द्यावा, कटकट वाचते. पण मी काय करतो सांगतो: तिथं तुकडे बघतो, कागदावर उतरवतो आणि तीच तिकिटं ज्या रेल्वे कंपनीच्या संकेतस्थळावर बुकिंग शुल्क नाही तिथं एकेक करून काढतो. दहा मिनिटांचं काम. यात एकच सांभाळायचं. आधी सगळे तुकडे त्याच गाडीवर उपलब्ध आहेत हे बघून घ्यायचं आणि मगच पहिल्याचे पैसे भरायचे. दोन तुकडे घेऊन झाले आणि तिसऱ्याचा स्वस्त थर तेवढ्यात संपला, हे माझ्या बायकोच्या बाबतीत झालंय आणि ते मला अजून ऐकावं लागतं.

स्वतः शोधायची हौस असेल तर बीआरफेअर्स नावाच्या संकेतस्थळावर कुठल्याही जोडीची सगळी भाडी आणि प्रत्येक तिकिटाचा निर्बंधाचा दोन अक्षरी संकेत दिसतो. ऑफ-पीक कधीपासून चालतं हे त्या संकेतावर अवलंबून असतं. साडेनऊ ही वेळ सगळ्यांच्या तोंडी असते, पण ती सगळीकडे खरी नाही. एकाच स्टेशनवरून दोन दिशांना ऑफ-पीक वेगवेगळ्या वेळी सुरू होऊ शकतं.

रेलकार्ड, म्हणजे तिकिटावर सूट देणारं वार्षिक कार्ड, घेतलंय का? नसेल तर तिकीट तोडायच्या आधी ते घ्या. तुमचं वय २६ ते ३० असेल तर २६-३० चं कार्ड मिळेल. वर्षाला ३५ पौंड आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट. महिन्याला दोन फेऱ्या म्हणजे पहिल्या दीड-दोन महिन्यांतच ते वसूल होईल. सूट प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र मिळते, त्यामुळं तोडणं आणि कार्ड दोन्ही एकत्र चालतात. फक्त एक खाच आहे. या कार्डाला सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आधी किमान भाड्याची अट असते, म्हणजे सूट धरूनही तिकीट एका ठरावीक रकमेच्या खाली जात नाही. ती प्रत्येक तिकिटाला वेगळी लागू होते. थेट तिकीट एक असेल तर किमान भाडं एकदाच बघितलं जातं. तुम्ही तीन छोटे तुकडे केलेत आणि प्रत्येक तुकडा किमान भाड्याच्या खाली असेल, तर सूट तिन्हींवर कापली जाईल. सकाळच्या गाडीला कधी कधी याच कारणानं तोडलेलं महाग पडतं. दोघं एकत्र फिरायला निघालात तर टू टुगेदर कार्ड बघा, तेही दोघांत मिळून ३५ पौंडच, पण आठवड्याच्या दिवसांत साडेनऊच्या आधी चालत नाही.

दुसरी खाच परतीच्या तिकिटाची. आपल्याला सवय, जाणं शंभर तर येणं शंभर. इकडे पुष्कळ जोड्यांवर ऑफ-पीक रिटर्न हे ऑफ-पीक सिंगलपेक्षा जेमतेम एखाद्या पौंडानं महाग असतं. त्यामुळं जाताना तोडून स्वस्त मिळालं म्हणून हुरळून जाऊ नका. जाणं आणि येणं दोन्हींची तोडलेली बेरीज एका बाजूला ठेवा, थेट रिटर्न दुसऱ्या बाजूला, आणि मग ठरवा. रिटर्नही तोडता येतं बरं का: डर्बी–बर्मिंगहॅम रिटर्न आणि बर्मिंगहॅम–ब्रिस्टल रिटर्न. लवचीक प्रवासासाठी मला हा प्रकार सगळ्यात आवडतो, कारण ऑफ-पीक रिटर्न कुठल्याही एका गाडीला बांधलेलं नसतं. तुमची ड्यूटी लांबली तरी पुढच्या गाडीनं जाता येतं. अ‍ॅडव्हान्सचं तसं नाही, गाडी चुकली की तिकीट गेलं. रुग्णालयातली नोकरी बघता तुम्ही याचा विचार आधी करा, दोन पौंड जास्त पडले तरी.

एका गोष्टीची मात्र गल्लत करू नका. कधी असं दिसतं की पुढच्या स्टेशनचं तिकीट अलीकडच्यापेक्षा स्वस्त आहे. मग लोक लांबचं काढतात आणि मधेच उतरतात. एनीटाइमवर आणि बहुतेक ऑफ-पीकवर हे चालतं. अ‍ॅडव्हान्सवर चालत नाही. तिथं लिहिलेल्या स्टेशनलाच चढायचं आणि लिहिलेल्या स्टेशनलाच उतरायचं.

गाडीतलं आता. स्टेशनच्या तिकीट तपासणाऱ्या फाटकावर (बॅरिअरवर) निघताना पहिलं तिकीट दाखवायचं, पोचल्यावर शेवटचं. मधल्या तिकिटाला फक्त तपासनीस बघतो. ई-तिकिटं असतील तर ती क्रमानं लावून ठेवा आणि फोन चार्ज करून निघा. सीटचा घोळ होतो: तीन तिकिटं तर तीन वेगळी आरक्षणं, डर्बी ते बर्मिंगहॅम डबा सी, पुढं डबा एफ. काही संकेतस्थळं सगळ्या तुकड्यांना एकच सीट द्यायचा प्रयत्न करतात. नाही मिळाली तर बसल्या सीटवरचा फलक बघा, पुढच्या पट्ट्यात ती कुणाची नसेल तर हलू नका. अ‍ॅडव्हान्सला गाडी तीच लागते, सीट तीच लागत नाही.  

उशीर झाला तर? लोकांना वाटतं तीन तिकिटं म्हणजे तीन प्रवास, मधली गाडी चुकली तर पुढचं तिकीट वाया. नाही. तुकडे मिळून तुमचा एकच प्रवास धरला जातो. गाडी बदलायची असेल आणि तुम्ही ठरलेला किमान वेळ मधे ठेवला असेल, तर पहिली उशिरा आल्यामुळं पुढची चुकली की त्यानंतरच्या गाडीत बसता येतं, अ‍ॅडव्हान्स असलं तरी. शक्य झालं तर प्लॅटफॉर्मवरच्या कर्मचाऱ्याला विचारून घ्या, म्हणजे पुढच्या तपासनिसाशी वाद होत नाही. भरपाईलाही हेच. डिले रिपे नावाची योजना आहे. काही कंपन्या पंधरा मिनिटांच्या उशिरापासून देतात, काही तीस. उशीर शेवटच्या स्टेशनचा मोजतात, म्हणजे तुमच्या बाबतीत ब्रिस्टलचा, आणि रक्कम सगळ्या तिकिटांच्या बेरजेवर. अर्जात तिन्ही तिकिटं जोडा. एकच जोडलंत तर एकाचेच पैसे येतील, आणि खिडकीवर येणाऱ्या निम्म्या तक्रारींमागं हेच निघायचं. उलट, बेत तुम्हीच बदललात तर तोडलेली तिकिटं त्रास देतात. परताव्याचं किंवा बदलाचं शुल्क दर तिकिटाला वेगळं लागू शकतं. तीन तुकडे, तीन शुल्कं. रजा नक्की नसेल तर तुकडे कमी ठेवा.

या भेगा कायमच्या आहेत असं धरू नका. स्कॉटलंडमध्ये १ सप्टेंबर २०२५ पासून तिथल्या स्कॉटरेल कंपनीनं गर्दीच्या वेळेचं जादा भाडंच काढून टाकलं, तिथं वेळेची भेग बुजली. लंडन–एडिंबरा मार्गावर एलएनईआर या कंपनीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये काही जोड्यांवर सुपर ऑफ-पीक बंद करून निवडलेल्या गाडीच्या ७० मिनिटं आधीच्या-नंतरच्या गाड्यांनाही चालणारं तिकीट आणलं. त्यानं थेट भाडं चढलं आणि उलट वाटेत तोडायला लोकांना नवं कारण मिळालं. लंडनभोवती कार्ड टेकवून प्रवास करायची पद्धत दूरवर पसरत चालली आहे. तिथं तोडायचं तर खरंच उतरून कार्ड टेकवावं लागतं, गाडीत बसून होत नाही. खासगी कंपन्या एकेक करून सरकारकडे परत येताहेत, आणि त्या सगळ्यांची मिळून ग्रेट ब्रिटिश रेल्वेज ही एकच सरकारी संस्था होणार आहे. त्याचं मुख्यालय तुमच्याच डर्बीला करायचं हे २०२३ मध्ये ठरलं. ते लोक भाड्यांची रचना सोपी करणार म्हणतात. साडेपाच कोटी भाड्यांचा गुंता सोपा करताना काही जोड्या महागतील आणि काही स्वस्त होतील, दुसरा मार्ग नाही. ज्यांच्या महागतील ते आरडाओरडा करतील. म्हणून हे काम आजवर प्रत्येकानं पुढच्यावर ढकललं, असं माझं मत.

आता आई-बाबांचं. नाशिक रोड ते नागपूर भुसावळला तोडलं तर? भारतीय रेल्वेचं भाडं अंतरावर आहे, आणि तेही असं की अंतर वाढेल तसा किलोमीटरचा दर उतरत जातो. लांबच्या प्रवासातले शेवटचे शंभर किलोमीटर पहिल्या शंभरापेक्षा स्वस्त असतात. तोडलंत की दोन्ही तुकड्यांचा हिशेब पुन्हा महागड्या सुरुवातीपासून होतो. त्यावर आरक्षण शुल्क दोनदा, थ्री एसीला ४० आणि ४० रुपये. सुपरफास्ट असेल तर ४५ आणि ४५. शिवाय थ्री एसीला किमान ३०० किलोमीटरचं भाडं घेतात. नाशिक–भुसावळ अडीचशेच्या आसपास आहे, म्हणजे न केलेल्या प्रवासाचेही पैसे द्यायचे. स्लीपरला ही मर्यादा २०० किलोमीटरची आहे, तिथं एवढं लागत नाही, पण बाकी नुकसान होतंच. अण्णांचं म्हणणं मनमाडच्या खिडकीसाठी शंभर टक्के बरोबर होतं.

तिकडेही लोक तोडतात, पण पैशासाठी नाही, बर्थसाठी. थेट तिकीट वेटिंगवर आणि दोन तुकड्यांत कन्फर्म, असं सणासुदीला होतं. तेव्हा जास्त पैसे मोजून बर्थ घेतात आणि रात्री दोनला भुसावळला डबा बदलतात. आई-बाबांच्या वयात मी ते सुचवणार नाही. दोन वेगळ्या गाड्या घेणार असाल तर दोन्ही पीएनआर बुकिंगच्या वेळी एकमेकांना जोडून घ्या. १ एप्रिल २०१९ पासून ही सोय आहे. पहिली गाडी उशिरा आल्यानं दुसरी चुकली तर न केलेल्या भागाचा परतावा मागता येतो. आणि त्यांना वाटेत जळगावला मावशीकडं थांबायचंच असेल, तर तोडण्याऐवजी ब्रेक जर्नीचा नियम बघा. ५०० किलोमीटरहून लांबच्या तिकिटावर पहिले ५०० पार केल्यावर दोन दिवसांपर्यंत थांबता येतं. अर्थात जळगाव नाशिकपासून तेवढं लांब नाही, म्हणजे मावशीसाठी दुसरं तिकीट आलंच.

राहिला तुमचा शुक्रवार. मी असं करीन. ड्यूटीचं पत्रक कधी हातात येतं? सहा आठवडे आधी येत असेल तर रविवारच्या परतीसाठी अ‍ॅडव्हान्स, बर्मिंगहॅमला तोडून, आणि जमलं तर चेल्टनहॅमलाही. रविवारी रुळांची कामं निघतात, गाडीचा मार्ग बदलून एखादा थांबा गळू शकतो, म्हणून आदल्या दिवशी थांबे एकदा पाहायचे. शुक्रवारी जातानाचं मात्र ऑफ-पीक घ्यायचं, एकदाच तोडायचं, तेही न्यू स्ट्रीटला, कारण तिथं कुठलीही गाडी आली तरी थांबते. पत्रक दोन आठवडे आधीच मिळत असेल तर अ‍ॅडव्हान्सच्या नादी न लागता दोन्ही बाजूंचं ऑफ-पीक रिटर्न, न्यू स्ट्रीटला तोडून. आणि बर्टनमार्गे तोडलेलं आणखी दीड पौंड स्वस्त दिसलं तर ते सोडून द्या. त्या दीड पौंडासाठी बर्टनला न थांबणारी गाडी डोळ्यांदेखत सोडावी लागेल, आणि नवरा टेम्पल मीड्सवर आणखी तासभर उभा राहील.